डाव्या डब्यातला लंगडा घोडा

नागपुरात डिजिटल आवाज पहिल्यांदा ज्या सागवानी डब्यांतून निघाला, ते डबे या दोन हातांनी बनवले आहेत! लकडगंजात कोणालाही विचारा. नाही म्हणजे, विचारू नकाच. विचारत गेलात तर असे 'पहिले' दहा-वीस तरी निघतील. आमच्या चौघांत मात्र मी पहिला, यात वाद नाही. आणि आवाज निघाला तोही दुसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशी मी स्पीकर उलटे बसवले होते, तोंड आत. मशीन गात होती आणि डबे एकटेच ऐकत होते!

किस्से आणि लाकूड, दोघांची जात एक. आमच्या लाकडाच्या टालीवर आरा मशीन चालते, तेव्हा फळी निघते एक आणि भुसा निघतो पोतंभर. फळी गिऱ्हाईक घेऊन जातं, भुसा आपल्याजवळ राहतो. आता हा जो भुसा मी तुमच्यापुढे उपसतो आहे, तो सगळा एकाच फळीचा. त्या फळीचं नाव वसंतराव.

वसंतराव सरकारी कचेरीत हेडक्लार्क. प्रताप नगरात घर. गाण्याचं वेड इतकं की कचेरीत फाइल उघडायची तीही ठेक्यावर. दर रविवारी सकाळी त्याच्या घरी आमची बैठक बसायची. मी, म्हणजे बबन, टालवाला. शिक्षण सातवी. मी शाळा सोडली नाही हो, आठवीनंच मला घेतलं नाही. दुसरे मेश्राम सर, शाळेत विज्ञान शिकवायचे आणि घरी बसून अँप्लिफायर जोडायचे. तिसरा गोविंद, काटोलचा. संत्र्याचा बगीचा, मनानं मोठा, गाण्यातलं काही कळत नसे. पण वसंतरावाकडे जे असेल ते आपल्याकडे पाहिजे, असं त्याला वाटायचं. आणि कुसुमवहिनी, वसंतरावाची बायको. त्या बैठकीत बसत नसत. पण बैठक बसायची ती त्यांच्या चहावर, म्हणून त्यांचा शब्द शेवटचा.

*

डिजिटलच्या खूप आधीची गोष्ट. वसंतरावाकडे स्पूलचा टेपरेकॉर्डर होता. रेडिओला जोडायची वायर नव्हती, म्हणून रेडिओसमोर माइक धरायचा आणि घरानं श्वास रोखायचा. अशी रेकॉर्डिंग!

मे महिना. नागपूरचा मे! कूलर चालू असला तर रेकॉर्डिंगमध्ये गाणं मागे आणि घरघर पुढे. वसंतरावानं हुकूम सोडला, "कूलर बंद!"

खिडक्या बंद, पंखा बंद, डोक्यावर ओले टॉवेल घेऊन चार गडी बसले. रेडिओवर आलाप सुरू झाला. तो काही संपेना. गोविंदच्या नाकाच्या शेंड्यावरून घाम गळायला लागला. मी मुद्दाम त्याच्या कानात पुटपुटलो, "गोविंदा, हे तासभर चालते म्हणते."

गोविंद बिचारा कळवळून बोलला, "मेलो गा, बबन्या! आता मेलो!"

झालं. ते टेपवर उतरलं, अगदी ऐन टिपेवर.

पुढे वसंतरावाच्या कचेरीतले एक मोठे साहेब घरी आले. वसंतरावानं तीच टेप लावली. साहेब डोळे मिटून ऐकत होते. आलाप वर चढला, आणि तिथे गोविंदचा टाहो आला. साहेबांनी डोळे उघडले.

"हा कोण गायक?"

वसंतरावाची पापणीसुद्धा हलली नाही. "काटोल घराणं, साहेब!"

*

मग आली ती मशीन. वसंतरावाचा भाचा आखातात नोकरीला होता, त्यानं सुट्टीवर येताना आणली. सीडी प्लेअर! नागपुरात आम्ही तोवर नुसतं नाव ऐकलं होतं. चौघं चपला दाराबाहेर काढून, हात धुऊन बसलो. जणू मशीन नाही, नवी सून आली.

मेश्राम सरांनी तबकडी उजेडात धरली. इंद्रधनुष्य पडलं भिंतीवर! सर वर्गात उभे असल्यासारखे बोलायला लागले, "यात सुई नाही, घासणं नाही. आवाजाचे आकडे करून भरलेले आहेत. सगळं गाणं फक्त दोन आकड्यांत, शून्य आणि एक."

गोविंद पुढे सरकला. "सर, शून्य म्हणजे काहीच नाही न?"

"नाही."

"मंग अर्धं गाणं काहीच नाही! अन् हे लोक पुऱ्या गाण्याचे पैसे घेऊन राहिले!"

सरांनी चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छ होता.

*

पण तबकडी मशीनमध्ये जाण्याआधी वहिनी आतून ताट घेऊन आल्या. नवी वस्तू घरात आली, पूजा नको? मशीनला हळदकुंकू झालं. मग त्यांनी तबकडी हातात घेतली, इकडून पाहिली, तिकडून पाहिली. एका बाजूला काळी अक्षरं, दुसरी बाजू आरशासारखी लखलखीत.

"हिचं तोंड कोणतं?" त्यांनी मला विचारलं.

मला काय माहीत? पण माहीत नाही असं मी जन्मात कधी म्हटलं नाही. "चमकते तेच तोंड, वहिनी! तोंड कधी काळं राहते का?"

वहिनींनी चमकत्या बाजूवर कुंकवाचं सुरेख स्वस्तिक काढलं. वर दोन अक्षता.

अक्षता झटकून तबकडी आत गेली. आतून एक गोरा साहेब बोलायला लागला, "वेल... वेल... वेल... वेल..."

"हकलं दिसते," गोविंद म्हणाला.

सरांनी तबकडी बाहेर काढली आणि कपाळाला हात लावला. मशीन त्याच बाजूनं उजेडाच्या किरणानं वाचते, आणि किरण कुंकवात अडकला होता. वसंतरावानं नवा बनियन फाडून तबकडी पुसली, लहान लेकराचं तोंड पुसावं तशी. पुन्हा लावली. चालली! काय तो आवाज! ना खरखर, ना घरघर! आम्ही चौघं पोरांसारखे ओरडलो!

वसंतराव वहिनींना म्हणाला, "पाह्यलं? पुसलं तेव्हा चालली."

"पूजा केली म्हणून चालली," वहिनी म्हणाल्या. "नुसतं पुसल्यानं मशीन चालत असती, तर तुमची स्कूटर रोज चालली असती!"

*

भाच्यानं मशीन आणली, तबकडी मात्र एकच. तीही नमुन्याची. त्यात गाणं नाही. घड्याळाचे टोले, काच फुटल्याचा आवाज, विजेचा कडकडाट, आणि सगळ्यात शेवटी एक घोडा. डावीकडून निघायचा, खोलीच्या मधून टापा टाकत जायचा आणि उजवीकडे निघून जायचा. स्टिरिओ म्हणजे काय, ते दाखवायला. आम्ही रविवारी सकाळी पोहे खात घोडा ऐकायचो. पाहुणे आले की घोडा. शेजारी आले की घोडा. एक म्हातारे काका ऐकता ऐकता पाय वर घेऊन बसले!

तोवर मशीन सरांच्या दोन जुन्या पत्र्याच्या डब्यांवर वाजत होती; घोडा चांगला धावायचा तर डबे चांगले पाहिजेत. ते काम माझं. जुन्या सागवानाची एक दारचौकट टालीवर पडून होती, वाळून खडखडीत झालेली. तिचे दोन डबे केले. पहिल्या दिवशी काय झालं ते सांगितलंच, ते पुन्हा उकरू नका.

स्पीकर सरळ बसवल्यावर सर म्हणाले, "आवाज डब्यात घुमतोय. आत कापूस भरा."

रविवारी कापूस कुठून आणायचा? वसंतरावानं इकडे तिकडे पाहिलं आणि आतल्या खोलीतून दोन उशा आणल्या. मी उसवल्या, भरल्या, फळी ठोकून डबा बंद. आवाज असा गोळीबंद झाला, काय म्हणता!

दुपारी वहिनी बाहेरच्या खोलीत आल्या. हातात दोन रिकाम्या खोळी. "माह्या आईनं देल्या होत्या ह्या उशा. सावरीचा कापूस होता. कोठी गेला?"

वसंतराव मशीनवरची धूळ पुसायला लागला. मला मात्र राहवलं नाही. "वहिनी, तोच तर गाऊन राहिला!"

वहिनी हसल्या नाहीत. मशीनकडे पाहिलं, डब्यांकडे पाहिलं, मग वसंतरावाकडे. "दसऱ्याले घरच्या सगळ्या यंत्रांची पूजा करते मी. तवापर्यंत ही मशीन बिनतक्रार वाजली तर पूजा होईन. तक्रार राहिली तर त्या दिवशी मशीन काटोलले जाईन. गोविंदभाऊ, तुमी घेऊन जा."

गोविंदचं तोंड संत्र्यासारखं फुललं. वसंतरावाचं सुकून सालीसारखं झालं. वहिनी बोलल्या म्हणजे ते व्हायचंच, हे दोघांनाही माहीत होतं.

*

आणि नेमकी तेव्हाच तक्रार निघाली.

वसंतरावाची एक वेताची खुर्ची होती. नवे डबे आल्यापासून ती दोन्ही डब्यांच्या समोर, बरोबर मध्यावर, त्यांच्याकडे तोंड करून. तिच्यात दुसरं कोणी बसायचं नाही. एका रविवारी घोडा निघाला आणि वसंतरावानं हात वर केला. "थांबवा! डाव्या डब्यात घोडा लंगडते."

"लंगडते म्हणजे?" मी विचारलं.

"दुरून खुरडत येते. उजवीकडे आला का मंग पळते. बबन्या, डावा डबा तू बिघडवला गा!"

आता गंमत ऐका. आम्हाला तिघांनाही घोडा ठणठणीत ऐकू येत होता. पण वसंतराव म्हणजे कानसेन! त्याला ऐकू आलं आणि आपल्याला नाही आलं, असं कोण कबूल करणार? सर म्हणाले, "हो, किंचित." गोविंदला तर मशीन पाहिजेच होती, तो म्हणाला, "किंचित काय, तीन पायावर येऊन राहिला!" आणि मी, ज्यानं तो डबा बनवला, तो मीही मान हलवली!

डबा मी टालीवर नेला. आठवडाभर भुशात पडू दिला. हात लावला नाही. रविवारी वरून थोडं पॉलिश मारून परत ठेवला.

वसंतराव म्हणाला, "फरक पडला. पण थोडा."

मग मी एक चावटपणा केला. वसंतराव आंघोळीला गेला असताना डावा डबा उजवीकडे ठेवला, उजवा डावीकडे. तो आला, बसला, ऐकलं. "डावाच कमी आहे."

सरांनी दुसऱ्या रविवारी अँप्लिफायरच्या वायरीच उलट्या जोडल्या, त्याला न सांगता. आता घोडा उजवीकडून निघाला. वसंतराव म्हणाला, "आज घोडा चांगला निघाला, पण डावीकडे जाऊन लंगडला!"

डबा निर्दोष, अँप्लिफायर निर्दोष. मग भिंतीवर संशय! डाव्या भिंतीला सतरंजी टांगली. खिडकीला गादी लावली. घर आहे की थंडीतली धर्मशाळा, कळेना. घोडा लंगडतच होता. आणि दसरा जवळ येत होता.

गोविंद दर रविवारी टेप घेऊन मशीनची लांबी-रुंदी मोजायचा. "काटोलले कोनाडा बनवून राहिलो," म्हणायचा, "घोड्याले तबेला नको का?"

*

ही बातमी लकडगंजात कशी गेली, मला अजून माहीत नाही. गोविंदनंच पसरवली असणार. संत्र्यापेक्षा बातमी जास्त विकायचा तो.

सकाळी टाल उघडली की समोरचा लोखंडवाला आवाज द्यायचा, "काय बबनभाऊ, घोडा उठला का?"

चहाच्या टपरीवर चहावाला विचारायचा, "नाल बसवून पाह्यली का?"

तीस वर्षं मी सागवान विकलं. चौकटी दिल्या, पलंग दिले, देव्हारे दिले. कोणी बोट दाखवलं नव्हतं. आणि आता एक गिऱ्हाईक आलं, पोरीच्या लग्नाचा पलंग पाहिजे म्हणून. लाकूड पाहिलं, ठोकून पाहिलं, पसंत केलं. जाता जाता मागे वळलं.

"भाऊ, राग नका मानू. पण पलंगाचा डावा पाय तेवढा पाहून घ्या!"

जन्मभर मी लोकांची टर उडवली. उडते तेव्हा कशी लागते, ते मला त्या एका डब्यानं शिकवलं.

*

दसरा उजाडला. गोविंद सकाळीच मेटॅडोर घेऊन आला. आत बारदान, दोरखंड, वर संत्र्याची रिकामी पेटी, तबकडी ठेवायला! वसंतरावानं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मशीनवरून हात फिरवत बसला होता. निरोपाला आलेल्या लेकीच्या पाठीवरून फिरवतात तसा.

सोनं द्यायला येणाऱ्यांची वर्दळ होती. म्हणून वहिनींनी त्याची वेताची खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवली होती. डबे आता त्याच्या पाठीमागे. माणसं येत होती, आपट्याची पानं देत होती, पाया पडत होती, पेढा घेऊन जात होती. वर्दळ थांबल्यावर वसंतराव तसाच बसून राहिला. म्हणाला, "सर, जाता जाता एकदा घोडा लावा."

सरांनी लावला. वसंतरावानं डोळे मिटले. डाव्या डब्यातून टापा निघाल्या.

वसंतराव ताडकन उठला! "डावा सुधरला! अरे, डावा सुधरला! काय पळून राहिला!" मग बसला, ऐकलं, आणि पुन्हा ओरडला, "पण आता उजवा गेला गा, बबन्या! उजवीकडे लंगडला!"

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. डबे जागेवर. वायरी जागेवर. फिरली होती फक्त खुर्ची.

सरांनी घोडा परत परत वाजत ठेवला आणि ते हळूच त्याच्या मागे गेले. त्याच्या डाव्या कानाजवळ मनगटी घड्याळ धरलं. वसंतराव ढिम्म. उजव्या कानाजवळ धरलं. "वेळ काय झाला, सर?" वसंतरावानं विचारलं.

माझ्यात एकदम पंचवीस वर्षांचा बबन शिरला! मी त्याच्या डाव्या बाजूला गेलो, वाकलो आणि हळूच म्हणालो, "वसंत्या, तुही स्कूटर चोरीले गेली." काही नाही! डोळे मिटून ताल धरून बसला होता. उजव्या बाजूला गेलो, त्याहून हळू म्हणालो, "चहा."

"आण, आण!" वसंतराव म्हणाला.

डावा कान बंद! घोडा लंगडत नव्हता, डबा लंगडत नव्हता, माझं सागवान निर्दोष होतं! मी तिथेच नाचलो असतो. आता सांगायचं, त्याला सांगायचं, गोविंदला सांगायचं, लोखंडवाल्याला, चहावाल्याला, त्या पलंगवाल्याला घरी जाऊन सांगायचं! मी तोंड उघडलं.

"भाऊजी, जरा इकडे या," आतून वहिनींचा आवाज आला.

मी स्वयंपाकघरात गेलो. वहिनी पुरणाचा हात पुसत उभ्या होत्या. दारातून त्यांनी सगळं पाहिलं होतं.

"तक्रार मशीनची नाही, मशीन इथंच राहीन," त्या म्हणाल्या. "गोविंदभाऊले सांगा, दोर सोडा अन् जेवाले बसा."

"म्हणजे तुम्हाले समजलं न वहिनी, याचा डावा कान गेला आहे ते?"

"लग्न झालं तवापासून ठाऊक आहे मले."

"मंग सांगतलं काहून नाही? इकडे माह्या डब्याची सगळ्या लकडगंजात फजिती होऊन राहिली! आताच जाऊन सांगतो त्याले."

वहिनींनी माझी वाट अडवली नाही. पुरणपोळीचं ताट उचललं, बाहेरच्या खोलीत गेल्या, आणि वसंतरावाच्या डाव्या हाताला ताट ठेवता ठेवता, त्याच्याकडे पाहून अगदी गोड आवाजात बोलल्या, "आईच्या उशा फाडल्या न माह्या? हात झडो तुमचा." वसंतराव मान डोलवत होता. टापा वाजत होत्या.

मग त्या मी उभा होतो त्या स्वयंपाकघराच्या दाराशी परतल्या.

"सासूबाई होत्या, नणंदा होत्या, ह्यांचा संताप होता. जे बोलाचं ते त्या डाव्या बाजूनं बोलली अन् मोकळी झाली. एक दिवस भांडण नाही या घरात. तो कान म्हणजे माह्यं माहेर आहे, भाऊजी. तुमच्या डब्याच्या अब्रूपायी माह्यं माहेर तोडता का?"